प्रौढांच्या इसबावरचं नवं इंजेक्शन : चाचणी कशी होते आणि आकडे कुठे घसरतात

अनुस्वार (धागाकर्ता)

इसब म्हणजे या धाग्यापुरतं अ‍ॅटोपिक डर्माटायटिस धरू, तेही प्रौढांचं आणि मध्यम ते तीव्र. मलमांनी भागत नाही आणि सायक्लोस्पोरिनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मूत्रपिंड व रक्तदाबामुळे फार काळ चालवता येत नाही, अशा लोकांसाठी ही अँटिबॉडीची इंजेक्शनं आली. डुपिलुमॅब पहिलं, मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते आयएल-४ आणि आयएल-१३ या दाह वाढवणाऱ्या दोन संदेशवाहक रेणूंच्या, पेशीवरच्या सामाईक रिसेप्टरवर बसतं. ट्रालोकिनुमॅब (२०२१) आणि लेब्रिकिझुमॅब (युरोपात २०२३, अमेरिकेत २०२४) फक्त आयएल-१३ ला धरतात. नेमोलिझुमॅब खाजेच्या संदेशावर, म्हणजे आयएल-३१ च्या रिसेप्टरवर काम करतं. ऑक्स-४० हा टी-पेशींना चालना देणारा मार्ग अडवणारी औषधं त्यांच्या मागून चाचण्यांत आली.

नवं औषध यांच्या रांगेत येतं तेव्हा त्याला काय काय पार करावं लागतं, यावर हा धागा आहे. "अमुक टक्के लोकांना फरक पडला" एवढंच वाचून मत बनवणारे बरेच असतात. तो टक्का कसा तयार होतो हे कळलं की निम्मे वाद मिटतात.

सुरुवात पहिल्या टप्प्यापासून. थोडे स्वयंसेवक, अगदी कमी डोस, मग पायरीपायरीने वाढ. पहिल्या दिवशी एकालाच औषध देऊन थांबायचं आणि मगच पुढच्याला द्यायचं, ही पद्धत रुळली ती २००६ च्या लंडनमधल्या टीजीएन१४१२ या अँटिबॉडीच्या चाचणीनंतर. तिथे सहा निरोगी पुरुषांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने औषध दिलं गेलं. पहिल्याला त्रास सुरू होईपर्यंत बाकीच्यांचं देऊन होत आलं होतं. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. वाचले, पण अवयव निकामी होण्यापर्यंत मजल गेली. त्या औषधाचा इसबाशी संबंध नव्हता. तरी आज कुठलीही नवी अँटिबॉडी माणसात पहिल्यांदा टोचताना लोकांमध्ये जे अंतर ठेवतात, त्यामागे हा प्रसंग आहे.

दुसऱ्या टप्प्यात डोस ठरतो. इथे घाई केली की तिसरा टप्पा वाया जातो. डुपिलुमॅबच्या तिसऱ्या टप्प्यात दर आठवड्याला ३०० मिग्रॅ आणि दर दोन आठवड्यांना ३०० मिग्रॅ असे दोन्ही गट होते. निकाल जवळजवळ सारखाच आला आणि दोन आठवड्यांचा डोस कायम झाला. निम्म्या सुया वाचल्या.

तिसऱ्या टप्प्यात कोण बसतं : वय १८ पुरं, आजार किमान एक वर्षाचा (काही चाचण्यांत तीन), ईझी (चट्ट्यांचं क्षेत्र आणि तीव्रता यांचा गुण) १६ किंवा जास्त, आयजीए (डॉक्टरांनी एका नजरेत दिलेला ० ते ४ चा एकूण गुण) ३ किंवा ४, शरीराचा किमान १० टक्के भाग बाधित, खाजेची आठवड्याची सरासरी (१० पैकी) बहुधा ४ किंवा जास्त, आणि मलमं वापरूनही पुरेसा फरक नाही याची नोंद. क्षयाची रक्तचाचणी, हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही, रक्तपेशी, यकृत-मूत्रपिंड, गरोदरपणाची चाचणी. जंत असतील तर आधी उपचार, कारण टाइप-२ (आयएल-४/१३ वाल्या) प्रतिकारशक्तीचं मूळ काम जंतांशी लढणं आणि आपण तीच अडवतोय.

---

दशांश

चांगला विषय. ईझीचं गणित मांडतो, कारण निम्मी मेख तिथेच आहे.

शरीराचे चार भाग : डोकं-मान, हात, धड, पाय. प्रत्येक भागात चार लक्षणं बघायची : लालसरपणा, सूज किंवा जाडी, खरवडल्याच्या खुणा, आणि कातडी चामड्यासारखी राठ होणं. प्रत्येकाला ० ते ३. मग त्या भागाचा किती टक्के हिस्सा बाधित आहे त्याचा अंक : १ ते ९ टक्के असेल तर १, १० ते २९ ला २, ३० ते ४९ ला ३, ५० ते ६९ ला ४, ७० ते ८९ ला ५, त्यापुढे ६. लक्षणांची बेरीज गुणिले क्षेत्राचा अंक गुणिले त्या भागाचा भार. भार अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३, ०.४. कमाल बेरीज ७२.

एक कागद भरून बघू.
डोकं-मान : लक्षणं ६, क्षेत्र २ → ६ × २ × ०.१ = १.२
हात : ८, क्षेत्र ३ → ४.८
धड : ६, क्षेत्र २ → ३.६
पाय : ८, क्षेत्र ३ → ९.६
एकूण १९.२. माणूस चाचणीत आला.

आता पायांवरचं क्षेत्र एकाने ३१ टक्के धरलं आणि दुसऱ्याने २८. डोळ्यांनी हा फरक कोणालाही कळत नाही. पण अंक ३ चा २ होतो, पायांचे ९.६ चे ६.४ होतात आणि एकूण १६.०. म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. हातांच्या बाबतीतही तसंच झालं तर १४.४, आणि तोच माणूस चाचणीबाहेर. कातडी तीच, दिवसही तोच.

म्हणून सोळाव्या आठवड्यात (मुख्य निकाल बहुधा तेव्हाच मोजतात) "ईझी-७५ मिळालं", म्हणजे ईझी किमान ७५ टक्के घटला, असं वाचाल तेव्हा लक्षात ठेवा, १९.२ वरून ४.८ किंवा खाली यायला हवं. पहिल्या दिवशी थोडा हात सढळ झाला असेल तर ७५ टक्के घट गाठणं सोपं जातं, आणि हे प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेलं तसंच इंजेक्शन घेणाऱ्यांच्या, गटातही तितकंच सोपं जातं.

---

वेलांटी

दशांश यांनी मांडलेलं तंतोतंत. मोजणाऱ्यांच्या बाजूने काही गोष्टी जोडते.

मोजणारी व्यक्ती पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत एकच असावी. ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असेल तर उत्तम. "गेल्या वेळेपेक्षा बरं वाटतंय का?" हा प्रश्न मोजणीच्या आधी विचारायचाच नाही. आधी मोजायचं, मग बोलायचं. मागच्या भेटीचे अंक समोर ठेवून मोजू नये, नाहीतर हात आपोआप उतरत जातो.

क्षेत्र मोजताना रुग्णाचाच तळहात वापरायचा, बोटांसकट. तो साधारण एक टक्का, पण संपूर्ण शरीराचा एक टक्का. ईझीत "पायांच्या किती टक्के" असं विचारलेलं असतं. पाय (नितंबासह) हे शरीराचे ढोबळ ४० टक्के, म्हणून पायांवरचे चार तळहात म्हणजे पायांचे १० टक्के. डोकं-मान शरीराच्या १० टक्के, तिथे एकच तळहात म्हणजे १० टक्के. नवशिके इथे हमखास घसरतात. डोक्यावर दोन तळहात मोजतात आणि "२ टक्के" म्हणून अंक १ देतात, द्यायला हवा २.

नुसती कोरडी, खवले आलेली पण न सुजलेली कातडी ईझीत धरायची नाही. बऱ्या झालेल्या चट्ट्याचा उरलेला काळपट किंवा पांढरट डागही नाही. रुग्णाला तो डाग आजारच वाटतो, त्यामुळे "अजून गेलं नाही" असं तो म्हणणार. मोजणाऱ्याने मात्र बोट फिरवून बघायचं : खडबडीत, उष्ण, उंचावलेलं आहे का? नसेल तर शून्य.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लालसरपणा लाल दिसत नाही. जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो. ट्यूबलाइटखाली तर हरवूनच जातो. या त्वचेवर लालसरपणाला सरसकट १ देऊन मोकळे होणारे बरेच आहेत, आणि त्यामुळे खरोखर तीव्र आजार असलेली माणसं १६ च्या खाली जाऊन बाहेर पडतात. काही मार्गदर्शनांत शंका असेल तर एक पायरी वाढवायला सांगितलेलं असतं. प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी नियमावलीत) काय लिहिलंय ते पहिल्या रुग्णाआधी सगळ्या मोजणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावं. अर्धे गुण १.५ आणि २.५ असे चालतात, ०.५ चालत नाही. लक्षण आहे म्हटलं की किमान १.

---

पारिजात७

धागा वाचतेय. दोन प्रश्न. चाचणीत जायचं तर चालू मलमं आणि गोळ्या बंद कराव्या लागतात ना? त्या काळात आजार उसळला तर? आणि मॉइश्चरायझरही बंद का?

---

अनुस्वार

@पारिजात७, मॉइश्चरायझर बंद नाही, उलट सक्तीचं. पहिल्या डोसच्या किमान सात दिवस आधीपासून रोज दोनदा, आणि तेच उत्पादन शेवटपर्यंत. मध्येच युरिया, सेरामाइड किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेलं नवं क्रीम सुरू केलं तर फरक इंजेक्शनचा की क्रीमचा हे सांगता येत नाही, म्हणून बहुतेक प्रोटोकॉल ते मना करतात. आधीपासून चालू असेल तर चालतं.

औषधं थांबवण्याचा काळ असा : स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस मलमं एक ते दोन आठवडे, तोंडी स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट, प्रकाशोपचार साधारण चार आठवडे, आधी दुसरी अँटिबॉडी घेतली असेल तर पाच अर्धायुकाळ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागतो तो एक अर्धायुकाळ). अँटिबॉडीचा अर्धायुकाळ तीन आठवड्यांच्या आसपास असला तर पंधरा आठवडे झाले. पाच अर्धायुकाळांनी औषधाचा बत्तिसावा हिस्सा उरतो, तो नगण्य धरतात. जिवंत लस या काळात आणि चाचणीभर नको. निष्क्रिय लशींचं वेळापत्रक चाचणीच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

तोंडी स्टिरॉइड अचानक तोडलं तर आजार उसळतोच. म्हणून तपासणीचा काळ तीन ते पाच आठवड्यांचा ठेवतात आणि डोस हळूहळू उतरवतात. यातही गोची आहे : गोळी सुटल्यामुळे उसळलेला आजार पहिल्या दिवशी मोजला जातो, पुढे तो आपोआप थोडा निवळतो, आणि ते श्रेय औषधाला जातं. प्लासिबोलाही जातं म्हणा.

सहन होत नसेल तर बचाव-उपचार असतो : आधी स्टिरॉइड मलम, त्यानेही नाही भागलं तर गोळ्या. कोणी अडवत नाही. फक्त हिशेबात ती व्यक्ती "फरक पडला नाही" या रकान्यात जाते. पहिले दोन आठवडे शक्यतो टाळा असं सांगतात, कारण औषधाला चढायला वेळ लागतो.

---

तिरका_डोळा

मला एक कळत नाही. डुपिलुमॅबच्या सोलो-१ आणि सोलो-२ या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांमध्ये त्वचा "स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ" झालेले ३८ आणि ३६ टक्के. म्हणजे साठाहून जास्त टक्के लोकांना उपयोग नाही, आणि याला क्रांती म्हणायचं? शिवाय प्लासिबोत १० आणि ८ टक्के स्वच्छ झाले. पाणी टोचून इसब जातो?

---

दशांश

@तिरका_डोळा, प्रश्न रास्त, उत्तर जरा लांब.

३८ टक्के हा आयजीए ० किंवा १ चा आकडा आहे, आणि तोही किमान दोन पायऱ्या सुधारणा होऊन. आयजीए ४ वरून २ वर आलेला माणूस, ज्याचे तीन चतुर्थांश चट्टे गेलेत आणि रात्री झोप लागते, तो इथे "अपयशी". त्याच चाचण्यांत ईझी-७५ गाठणारे ५१ आणि ४४ टक्के होते, प्लासिबोत १५ आणि १२. दोन्ही आकडे खरे. कुठला मथळ्यात टाकायचा हे टाकणाऱ्यावर.

दुसरं, ती चाचणी नुसत्या इंजेक्शनची होती, मलमाशिवाय. क्रोनॉस या वर्षभराच्या चाचणीत सगळ्या गटांना स्टिरॉइड मलम होतं. तिथे सोळाव्या आठवड्यात ईझी-७५ औषधाकडे ६९ टक्के, प्लासिबोकडे २३. म्हणून दोन औषधांच्या टक्केवारी शेजारी ठेवून "हे जास्त भारी" म्हणणं चुकीचं. मलम होतं का, बचाव-उपचार घेतलेल्यांना अपयशी धरलं का, भेटीला न आलेल्यांचं काय केलं, हे तिन्ही जुळल्याशिवाय तुलना नाही. आयजीए ० किंवा १ चाच आकडा घेतला तर ट्रालोकिनुमॅबच्या एक्झट्रा-१ मध्ये १६ विरुद्ध ७ टक्के, लेब्रिकिझुमॅबच्या अ‍ॅडव्होकेट-१ मध्ये ४३ विरुद्ध १३. औषधांत फरक असेलही, पण चाचण्या वेगळ्या, काळ वेगळा, माणसं वेगळी. समोरासमोरच्या चाचणीशिवाय हिशेब लावू नये.

पाण्याने इसब जात नाही. लोक चाचणीत येतात तेव्हा आजार बहुधा शिगेला असतो, तो नंतर थोडा उतरतोच. वर रोज दोनदा मॉइश्चरायझर, नेमाने भेटी, पहिल्या दिवशीची सढळ मोजणी. सगळ्याची बेरीज म्हणजे ते ८-१० टक्के. प्लासिबो गट नसता तर हेही औषधाच्या खात्यात पडले असते.

---

तिरका_डोळा

आयजीए-ईझीचं पटलं. पण मग सहा-सातशे लोक कशाला? ३५ विरुद्ध १२ टक्के असा फरक दाखवायला इतके लागतात?

---

दशांश

नाहीत लागत. ९० टक्के ताकद (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चुकीची मुभा (नसलेला फरक दिसण्याची) धरली तर प्रत्येक गटात साधारण ६५-७० पुरतात. सोलो-१ मध्ये ६७१ होते, सोलो-२ मध्ये ७०८, तीन गटांत. जादा माणसं सुरक्षिततेसाठी. तिनाचा नियम : ३०० लोकांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो १०० तल्या एकाला होत असेल ही शक्यता पुसता येत नाही. हजारात एक होणारा पकडायचा तर ३००० हवेत. दीर्घकाळ घ्यायच्या औषधासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं एकूण १५०० लोक, सहा महिने घेतलेले ३०० ते ६०० आणि वर्षभर घेतलेले किमान १०० मागतात. हजारोंत एक होणारा त्रास मंजुरीनंतरच कळतो, त्याला इलाज नाही.

---

शीतकपाट

सगळे आकड्यांवर बोलतायत, इंजेक्शनवर कोणीच नाही. मी औषधाच्या खोलीतलं लिहितो.

साठवण २ ते ८ अंश सेल्सियस. फ्रिजच्या दारात नाही, मागच्या भिंतीला टेकवून नाही. दारात तापमान वर जातं, भिंतीशी गोठतं. गोठणं जास्त वाईट. प्रथिनाच्या गुठळ्या होतात, काही वेळा डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि शरीर अशा गुठळ्यांविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी बनवायची शक्यता वाढते. मग पुढच्या डोसांचा असर उतरतो आणि कारण सापडत नाही. हलवल्यानेही हेच. फेस आला तर समजा कोणीतरी बाटलीसारखं खळखळलंय.

तापमानाची नोंद यंत्र घेतं, पण यंत्राकडे बघायला माणूस लागतो. सुट्टीच्या दिवशी फ्रिज ११ अंशांवर गेला तर ते किट फेकायचं नाही आणि वापरायचंही नाही. वेगळं ठेवायचं, "वापरू नका" अशी चिठ्ठी लावायची, किती वेळ किती अंश होतं ते प्रायोजकाला (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला) कळवायचं. निर्णय त्यांचा. घाईघाईने टाकून दिलेलं किट हिशेबात जुळत नाही आणि तपासनीस आला की पहिला प्रश्न त्यावरच येतो.

टोचायच्या आधी पेटीतून काढून ३० ते ४५ मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवायचं. ऊन, गरम पाणी, मायक्रोवेव्ह काही नाही. हे द्रव मुळातच दाट असतात. डुपिलुमॅबच्या ३०० मिग्रॅच्या सिरिंजमध्ये २ मिली मावतं, म्हणजे मिलीत १५० मिग्रॅ. थंडगार असताना आणखी दाट, दट्ट्या जड जातो आणि जळजळ जास्त होते. निम्म्या तक्रारी फक्त घाईच्या.

किट क्रमांक संगणकावरून येतो तो आणि पेटीवरचा, दोघांनी मोठ्याने वाचून जुळवायचा. जागा : पोट (बेंबीभोवती ५ सेंमी सोडून), मांडी, दंडाचा मागचा भाग फक्त दुसरं कोणी टोचणार असेल तर. चट्ट्यावर, ओरखड्यावर, काळ्यानिळ्या जागेवर नाही. तीव्र आजारात मोकळी जागा सापडणंच कठीण जातं, तेव्हा आधीच दोन-तीन जागांचं चित्र काढून ठेवावं आणि दर वेळी बदलावं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. सिरिंज असेल तर कातडी चिमटीत धरून ४५ अंशांत. पेन असेल तर सरळ ९० अंशांत दाबून. पेनची खिडकी पूर्ण रंगेपर्यंत उचलायचं नाही, दुसरी "टक" ऐकल्यावरही पाच मोजायचे. लवकर उचललं की कातडीवर थेंब दिसतो. तो ओलावा "थोडंच गेलं" म्हणून सोडून द्यायचा नाही, अंदाजे किती सांडलं ते लिहायचं. दुसरा डोस मात्र स्वतःच्या मनाने द्यायचा नाही. सिरिंजमधला छोटा बुडबुडा निरुपद्रवी असतो, तो काढायच्या नादात औषधच उडतं. टोचल्यावर चोळायचं नाही.

पहिल्या डोसला दुप्पट देतात (डुपिलुमॅब आणि ट्रालोकिनुमॅबमध्ये ६०० मिग्रॅ, मग ३००), म्हणजे रक्तातली पातळी लवकर चढते. दोन इंजेक्शनं असतील तर दोन वेगळ्या जागी. त्यानंतर प्रोटोकॉलमध्ये लिहिला असेल तेवढा वेळ बसवून ठेवायचं, अ‍ॅड्रेनालिन हाताशी, आणि रक्तदाब-नाडी मोजल्याशिवाय घरी नाही.

रक्त डोसच्या आधी काढायचं. औषधाची तळाची पातळी (पुढच्या डोसआधी उरलेली) आणि औषधाविरुद्धच्या अँटिबॉडी, दोन्ही त्यातून बघतात. डोस आधी दिला आणि नंतर रक्त काढलं तर तो नमुना गेला.

---

पारिजात७

@शीतकपाट, खूप उपयोगी. डोस देणाऱ्याला कळत नाही का कोणतं औषध आहे? आणि रुग्णालाही खाज कमी झाली की कळणारच ना?

---

वेलांटी

सिरिंज, द्रवाचा रंग, दाटपणा सगळं सारखं ठेवतात. जिथे पावडर विरघळवावी लागते आणि फेस वेगळा दिसू शकतो, तिथे तयार करणारा माणूस वेगळा, तो रुग्णासमोर येत नाही. टीएआरसी आणि आयजीई या दाह-अ‍ॅलर्जी दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांसारखे निकाल काही चाचण्यांत केंद्रालाही दाखवत नाहीत, कारण ते घसरले की कळतंच.

या गुप्ततेला खरं छिद्र पाडतो तो दुष्परिणाम. आयएल-४/१३ अडवणाऱ्या औषधांत डोळे येतात. डुपिलुमॅबच्या मलमाविना चाचण्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास, प्लासिबोत २. गंमत म्हणजे त्याच औषधाच्या दम्याच्या चाचण्यांत असं दिसलं नाही. म्हणजे नुसतं औषध नाही, इसबाची प्रवृत्ती आणि औषध मिळून. मोजणाऱ्याने लाल डोळे पाहिले की मनात शंका येतेच. उपाय एकच, डोळ्यांची विचारपूस मोजणाऱ्याने करायची नाही, दुसऱ्याने करायची. ऑक्स-४० वाल्या रोकाटिनलिमॅबमध्ये पहिल्या डोसनंतर ताप-थंडी दिसली होती, तिथेही हाच प्रश्न.

डोळे आले म्हणून औषध लगेच बंद करत नाहीत. कृत्रिम अश्रू, गरम शेक, आणि दृष्टी धूसर झाली, दुखलं किंवा प्रकाश सहन होईना तर नेत्रतज्ज्ञ. स्टिरॉइड थेंब सुरू केले तर डोळ्याचा दाब तपासायचा. इतर नेहमीचे त्रास म्हणजे टोचल्या जागी लाली, ओठावर हर्पीसचे फोड, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढणं, आणि काहींना चेहऱ्यावर उरणारी किंवा नव्याने येणारी लाली. रुग्णालयात दाखल करावं लागलं की ती "गंभीर घटना", प्रायोजकाला २४ तासांत. औषधाशी संबंध आहे की नाही हे ठरेपर्यंत थांबायचं नसतं.

एक गोष्ट मात्र प्रवेशाच्या वेळीच बघा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेला "इसब", लहानपणी काही नाही, दमा-सर्दीचा इतिहास नाही, चट्टे झाकलेल्या भागांवर. अशा वेळी बायोप्सीशिवाय चाचणीत घेऊ नये. त्वचेचा टी-पेशी लिंफोमा (एक कर्करोग) इसबासारखाच दिसतो आणि डुपिलुमॅब सुरू केल्यावर तो उघडा पडल्याच्या किंवा वाढल्याच्या नोंदी आहेत. खरूज आणि संपर्कजन्य त्वचादाह हे तर नेहमीचेच. घरात बाकीच्यांनाही रात्री खाज असेल तर आधी खरूज शोधा.

---

नोंदवही

खाजेच्या डायरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. गेल्या २४ तासांतली सर्वांत वाईट खाज, ० ते १०, रोज ठरावीक वेळी. सरासरी नव्हे, सर्वांत वाईट. हे पहिल्या दिवशी नीट समजावलं नाही तर अर्धे लोक "आत्ता या क्षणी किती" ते भरतात, आणि संध्याकाळचं आत्ता हे दुपारच्या आत्तापेक्षा नेहमीच वेगळं.

सुरुवातीचा आकडा सात दिवसांच्या सरासरीचा, त्यात किमान चार दिवसांची नोंद लागते. तीनच भरली तर सुरुवातच नाही, आणि तो माणूस खाजेच्या विश्लेषणातून बाहेर. फोनवरची डायरी ठरावीक तासांनंतर बंद होते ती मुद्दाम. कागदावर लोक भेटीच्या आदल्या रात्री पंधरा दिवसांचे आकडे एका दमात भरतात, तेही एकाच पेनाने.

४ अंकांची घट म्हणजे "जाणवणारा फरक" असं धरतात. त्यामुळे सुरुवातीलाच ४ च्या खाली असलेला माणूस ती घट दाखवूच शकत नाही, त्याला त्या टक्केवारीत मोजत नाहीत. निकाल वाचताना छेद बघा, तो एकूण संख्येपेक्षा लहान असतो.

पोएम (इसबाची लक्षणं) आणि डीएलक्यूआय (त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम) या प्रश्नावल्या डॉक्टरला भेटण्याआधी भरून घ्यायच्या. दोन्हींत गेला आठवडा विचारलाय. नातेवाइकाने शेजारी बसून उत्तरं सुचवायची नाहीत, हे स्पष्ट सांगावं लागतं.

---

तिरका_डोळा

सोळा आठवड्यांनंतर काय? आयुष्यभर टोचत राहायचं?

---

अनुस्वार

त्यासाठी दुसरा भाग असतो. सोळाव्या आठवड्यात ज्यांना फरक पडला त्यांनाच पुन्हा चिठ्ठ्या टाकून वाटतात : काहींना तोच डोस, काहींना कमी वेळा, काहींना प्लासिबो. लेब्रिकिझुमॅबच्या अ‍ॅडव्होकेट चाचण्यांत दर दोन आठवड्यांनी आणि दर चार आठवड्यांनी घेणाऱ्यांचा निकाल वर्षाअखेर जवळपास सारखा टिकला. म्हणूनच त्याचा डोस १६ आठवड्यांनंतर २५० मिग्रॅ दर चार आठवड्यांनी एकदा असा दिला जातो. आणि औषध काढून घेतलेल्यांपैकीही जवळपास निम्म्यांची त्वचा ५२ व्या आठवड्यात स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ होती. यातून "अर्ध्यांनी बंद करा" असा अर्थ काढू नका. कोणते निम्मे ते आधी सांगता येत नाही. शिवाय मध्येच तोडून पुन्हा सुरू केल्यावर औषधाविरुद्ध अँटिबॉडी बनण्याचा प्रश्न प्रत्येक रेणूसाठी वेगळा तपासावा लागतो.

मलमासह चाललेल्या चाचण्यांत आणखी एक मोजमाप : परत आलेल्या ट्यूबा वजन करून घेतात. बोटाच्या पेरावरची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, तेवढ्यात प्रौढाच्या दोन तळहातांएवढी जागा होते. औषधाच्या गटात मलम कमी खपलं तर तोही निकालच. ट्यूब घरी विसरून आलेल्याचं शून्य धरू नका, "माहिती नाही" लिहा.

---

पारिजात७

शेवटचा प्रश्न. संमतीपत्र वीस-वीस पानांचं असतं. त्यात नेमकं काय शोधायचं?

---

वेलांटी

प्लासिबो मिळण्याची शक्यता किती : औषध आणि प्लासिबोचं वाटप २:१ असेल तर तिघांत एक, १:१ असेल तर निम्मी. बचाव-उपचार कधी आणि कोण देणार. इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा. चाचणीनंतर औषध पुढे मिळणार का, किती काळ. गर्भनिरोध शेवटच्या डोसनंतर किती आठवडे. रक्ताचे उरलेले नमुने कशासाठी ठेवणार आणि त्याला वेगळी सही आहे का. मध्येच सोडायचं असेल तर कारण द्यावं लागत नाही, हे वाक्य असायलाच हवं.

आणि रात्री फोन उचलणारा नंबर. तो सही करण्याआधी एकदा लावून बघा.

---

शीतकपाट

+१. प्रवासाचंही विचारा. डोसच्या तारखेला मागेपुढे बहुधा तीनेक दिवसांची मुभा असते. घरी टोचायची पेनं दिली तर बर्फाच्या पॅकला थेट चिकटवून न्यायची नाहीत, मध्ये कापड घालायचं. विमानात सामानाच्या कप्प्यात तर नाहीच, ती हातातल्या बॅगेत. वापरलेली आणि न वापरलेली, दोन्ही परत आणायची, रिकामी पेटीसुद्धा.